गप्प म्हणजे चालू दे

आमटीच्या पातेल्यावरची ताटली थडथडली. तोवर घरात कसलाच आवाज नव्हता. माझी लेक राही घास तोंडात धरूनच माझ्या मांडीवर झोपून गेली होती. तिचं डोकं अलगद उशीवर टेकवलं आणि पळत जाऊन गॅस बारीक केला. ती जागी झाली नाही. नुसती कूस बदलली.

बारीकसारीक आवाज माझ्या कानाला लगेच कळतात. ही सवय दादाच्या गाडीनं लावली.

“रेवा, ऐकू यायलंय का?”

“यायलंय. स्वच्छ.”

“मग आता गप्प बस.”

शर्यत सुरू व्हायच्या आधी आमचं एवढंच बोलणं व्हायचं. त्या दिवशीही तेवढंच झालं. दक्षिणेतला एक ट्रॅक, सकाळचे साडेदहा, डांबरावर आत्ताच वाफा दिसायला लागलेल्या. रांगेत सहाव्या जागेवर दादाची पिवळी गाडी उभी होती. ट्रॅकच्या कडेच्या बुटक्या भिंतीमागं आम्ही तिघं होतो.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, संग्राम. गाडी आप्पांची. दिनकर लोहार हे त्यांचं नाव, पण अख्खं उद्यमनगर त्यांना आप्पाच म्हणायचं. कोल्हापुरातल्या त्यांच्या गॅरेजात भंगारात निघालेली एक गाडी त्यांनी दोन वर्षं खपून शर्यतीला उभी केली होती. झाकीर टायर बघायचा. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, म्हणून रेडिओ माझ्याकडे. दादाच्या हेल्मेटमध्ये माइक, स्टिअरिंगवर अंगठ्याशी एक लाल बटण, सीटमागं सेट. दुसरा सेट माझ्या कमरेला आणि कानावर हेडफोन. बटण दाबून बोलायचं, सोडलं की ऐकायचं.

सुरुवातीला मी फार बोलायची. छान चाललंय, पुढं मोकळं आहे, मागचा लांब राहिला. एकदा दादा वळणावरून सरळ मातीत गेला आणि आल्या आल्या हेल्मेट काढून माझ्यावर ओरडला, “तू कानात बडबडाय लागलीस की मला वळण दिसत न्हाई गं!”

त्या संध्याकाळी मिसळ खाता खाता नियम ठरला. दादानं हवं तेव्हा बोलावं, विचारावं. मी मात्र काही बिघडलं तरच तोंड उघडायचं. मी गप्प राहिले म्हणजे सगळं ठीक आहे, चालू दे. आप्पांनी ते गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहूनसुद्धा ठेवलं: गप्प म्हणजे चालू दे. रेडिओ यायच्या आधी आप्पा ट्रॅकच्या कडेला मोठा काळा फळा धरून उभे राहायचे, त्यावर लिहून दादाला काय ते कळवायचे. रेडिओ आला आणि फळा गॅरेजात राहिला. झाकीर त्याच्यावर टायरमधल्या हवेचे आकडे लिहायचा.

बारा फेऱ्यांची शर्यत होती. एक फेरी दोन मिनिटांच्या आत. चौथ्या फेरीला दादा आमच्यासमोरून गेला आणि कानात आवाज आला, “तिसरा आलो गं. पुढचा निळा दमलाय.”

मी गप्प.

दादाचं बोलून झालं की कानात एक बारीक ‘खट’ व्हायचं आणि शांतता. त्या वेळी खट झालं नाही. त्याचं बोलणं संपलं, पण इंजिनाचा आवाज माझ्या कानात तसाच घोंघावत राहिला. गियर बदलल्याचा झटका, त्याचा श्वास, मधूनच खाकरणं, सगळं. मला वाटलं माझ्याकडचंच काही बिघडलं. हेडफोनची पिन काढून पुसली, परत घातली. जादाचा सेट पेटीतून काढून लावला. त्यातही तेच.

“काय झालं गं?” आप्पांनी विचारलं.

“दादाचं बटण दाबलेलंच राहिलंय.”

“म्हंजे?”

“म्हणजे तो बोलतोय ते सगळं आपल्याला ऐकू येणार. आपण बोललेलं त्याला काही नाही. बटण वर येत नाही तोवर त्याचा सेट बहिरा.”

“मग बरंच की,” झाकीर म्हणाला. “तसंही त्याला कुठं तुझं ऐकायचं असतंय?”

आम्ही हसलो. मीसुद्धा हसले. काही सेट मिनिटभर बटण दाबलेलं राहिलं की आपोआप तोडतात; आमच्या जुन्या सेटात ती सोय नव्हती. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. दादाला ठाऊकच नव्हतं की मी ऐकतेय. तो पुढच्या गाडीला म्हणत होता, “सरक की भावा, सरक, घरी आई वाट बघत असंल तुझी.” मधेच कसलीतरी चाल गुणगुणत होता. मला गंमत वाटत होती. एखाद्याच्या खोलीचं दार चुकून उघडं राहावं, तसं काहीसं.

झाकीर मागं वळला होता टायरवरचं ताडपत्रीचं आच्छादन घडी करायला. तो तिथंच वाकून बसला.

“आप्पा. जरा इकडं या.”

सकाळी गाडी रांगेत ढकलत नेण्याआधी जिथं उभी होती, तिथं डाव्या पुढच्या चाकाच्या जागी रुपयाएवढे चार-पाच डाग होते. आप्पांनी बोट लावलं. वास घेतला. बोट पँटला पुसलं, परत लावलं, परत वास घेतला.

“ब्रेक ऑइल,” ते म्हणाले. “पाइप कुठंतरी घासलाय.”

“किती वेळ टिकेल?” मी विचारलं.

“ते मी कसं सांगू? पायडल हळूहळू खाली जातंय. आणि मग एकदम जातंय.” ते उभे राहिले. “बोलव त्याला आत.”

मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. मग त्यांना आठवलं.

तरी मी बटण दाबलं. “दादा, आत ये. दादा, ब्रेक ऑइल गळतंय, आत ये.” माझा आवाज कुठंच जात नाहीये हे आम्हा तिघांत सगळ्यात चांगलं मलाच कळत होतं. जादाच्या सेटावरूनही बोलले. दोन्ही सेट तोंडाशी धरून बोलले.

सहावी फेरी. सातवी. आणि कानात दादा.

“रेवा, ब्रेक जरा खाली जायलाय. थांबू का?”

“थांब!” मी ओरडले. शेजारच्या टीममधली माणसं वळून बघायला लागली. “थांब दादा, थांब, थांब!”

तो थांबला होता. गाडी नव्हे, तो. माझ्या उत्तरासाठी. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. एक श्वास, दोन.

“बरं,” तो म्हणाला. “चालू दे.”

झाकीर शर्यतीच्या अधिकाऱ्यांच्या खोलीकडे पळाला. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि भिंतीवर चढले. साठीचा माणूस, गुडघा दुखतो म्हणून जिनाही आडवा चढणारा. पिवळी गाडी समोरच्या सरळ रस्त्यावर दिसल्याबरोबर ते दोन्ही हातांनी टॉवेल फिरवायला लागले. आत ये, आत ये. गाडी आमच्यासमोरून सुंईकन गेली.

कानात दादा हसत होता. “आप्पा नाचायला लागला की! अरे आधी जिंकू तर दे म्हाताऱ्या!”

आप्पा भिंतीवरून धापा टाकत खाली बघत होते. “काय म्हणाला? बघितलं नव्हं मला?”

“बघितलं.”

“मग येतोय आत?”

मी मान हलवली. नाही. तो काय म्हणाला, ते मला त्यांना सांगता आलं नाही.

बिस्किटांच्या खोक्याचं झाकण फाडून मी त्याच्यावर मार्करनं ‘आत ये’ लिहिलं. अक्षरं जितकी मोठी येतील तितकी. ते धरून मी आप्पांच्या शेजारी उभी राहिले. पुढच्या फेरीला दादा त्या निळ्या गाडीच्या शेपटाला चिकटून आला, तिच्या पलीकडच्या बाजूनं. त्याला पुठ्ठा दिसला असेलच, तर पुठ्ठ्यासारखाच दिसला असेल. पहिल्या वळणावर त्यानं निळ्याला मागं टाकलं. सगळा स्टँड उठून उभा राहिला.

“दुसरा!” दादा ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “रेवा, ब्रेक दोनदा मारला की लागतोय. दोनदा मारून भागवतो. पण धोक्याचं असंल तर बोल हां. तसं नियमाबियमाचं मनात आणू नको. बोलशील नव्हं?”

“हो,” मी म्हणाले. बटण न दाबताच.

“हे बघ, पाच मोजतो. पाचपर्यंत बोल, मी आत येतो. एक.”

इंजिनाचा आवाज चढला, उतरला.

“दोन.”

मी दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरला होता. का, ते माहीत नाही.

“तीन.”

“ये ना रे,” मी म्हणाले. आता ओरडतही नव्हते. “ये ना. दादा. ये ना.”

“चार.”

तो चार आणि पाचच्या मध्ये जरा जास्त थांबला. मला अजूनही वाटतं, थांबला.

“पाच. बरं मग.”

झाकीर एका अधिकाऱ्याला घेऊन आला. उंच, शांत माणूस. हिंदीत म्हणाले, गळताना आम्हाला दिसलं असतं तर केव्हाच झेंडा दाखवला असता. मी त्यांच्या कानाला माझा हेडफोन लावला. दादाचे शब्द त्यांना कळले नसतील, पण पायडलचे ते दोन-दोन दणके त्यांनी ऐकले आणि त्यांचा चेहरा बदलला. लगेच फोन काढला. “एका फेरीचा प्रश्न आहे मॅडम,” ते म्हणाले. “आता इथून पुढं गेलाय. परत आला की झेंडा समोरच असेल.”

त्यांनी सांगितलं तसंच झालं. समोरच्या मचाणावर एक माणूस काळा झेंडा घेऊन चढला, त्यावर मोठा नारिंगी गोल: गाडीत बिघाड आहे, आत या. त्यानं तो सोडला. वाऱ्यानं तो छान उघडला. मी बघत होते. इतका मोठा, इतका स्पष्ट. दादानं फक्त शेवटचं वळण घ्यायचं होतं, की तो त्याला दिसणारच होता.

पायडलचे दोन दणके ऐकू आले. मग तिसरा. चौथा.

“न्हाई,” दादा म्हणाला. “न्हाई न्हाई न्हाई...”

पुढचा आवाज मी लिहीत नाही.

नंतर इंजिन बंद पडलं आणि पहिल्यांदाच माझ्या कानात शांतता झाली. आप्पा आणि झाकीर पळत सुटले होते. लोक पळत होते. मला पळता आलं असतं. पण सेटची ताकद कमी, मधे टेकाड. भिंतीपासून पन्नास पावलं गेलं की आवाज तुटायचा हे मला माहीत होतं. मी जागची हलले नाही.

“रेवा,” दादा म्हणाला. अगदी जवळून बोलावं तसं. “बाहेर गेलो बघ. भिंतीला लागलो.”

“हो,” मी म्हणाले.

“पाय अडकलाय. उजवा.” तो जरा वेळ नुसता श्वास घेत होता. “दुखत न्हाई तसा. ओलं लागतंय.”

“येताहेत, दादा. आप्पा येताहेत.”

“रेवा, बोल की गं आता. आता बोललीस तरी चालतंय.”

मी बोलत होते. सगळं बोलत होते. लहानपणी तो मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा तेव्हा मी बडबडायची, तशी बडबडत होते. तो मधूनमधून माझं नाव घेत होता आणि मी ओ देत होते. मग कुणीतरी तमिळमध्ये काही म्हणालं, पत्रा कापल्याचा आवाज आला, आणि वायर तुटली. खट.

उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी दादाला नीट शुद्ध आली तेव्हा त्यानं पहिलं मला विचारलं, “तू बोलली न्हाईस ते?”

“बोलले. तुझं बटण अडकलं होतं. माझं तुला काही ऐकू जात नव्हतं.”

“असं होय.” त्यानं चादर वर ओढली. मग म्हणाला, “मग बरं झालं. मला वाटलं, मीच हळू ब्रेक मारला आणि तू गप्प राहिलीस ते बरोबरच होतं.”

तिसऱ्या दिवशी आप्पा दवाखान्यात आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं स्टिअरिंग. तीन दिवसांत त्यांनी दाढी केली नव्हती.

“हे उघडून बघ जरा,” ते म्हणाले. “पाइप घासला ते कळतंय मला, पाइप घासतातच. बटण का अडकलं ते सांग. बटण मी जुन्या बाजारातनं आणलेलं गं. नवं मिळत होतं. मी म्हटलं, ह्याला काय हुतंय.” त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. “च्या आणतो तुला.”

बाकावर बसून मी छोट्या स्क्रू-ड्रायव्हरनं बटणाभोवतीची कडी सैल केली.

आमच्याकडे शर्यतीच्या सकाळी गाडीची पूजा व्हायची. प्रत्येकानं आपापल्या कामाच्या जागी हळद-कुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या. आप्पा इंजिनावर, झाकीर चारी टायरवर, तो हसत म्हणायचा, “देवीला सांगा, हे माझ्याकडचं.” मी त्या लाल बटणावर. अक्षता आईनं देवळातून आणून दिल्या होत्या. पूजा झाली की आप्पा सांगायचे, कुंकू असू दे, अक्षता झटकून टाका. मी झटकल्या होत्या. फुंकरही मारली होती. दादा मागून ओरडत होता, “चल गं, तिकडं रांग लागली,” म्हणून एकदाच मारली.

कडी जरा वर आली. बटण आणि तिच्यामधल्या फटीत, कुंकवानं चिकटलेला, आडवा होऊन खाली सरकलेला, एक तांदळाचा दाणा होता. मी त्याला केसातल्या पिनेनं उचकटलं. बटण टकदिशी वर आलं. दाबलं. वर आलं. परत दाबलं, परत वर आलं. उत्तम बटण होतं.

कॉरिडॉरच्या टोकाला आप्पा दोन कप घेऊन येताना दिसले. चहा सांडू नये म्हणून अगदी सावकाश, कपांकडे बघत. मी तो दाणा तोंडात टाकला आणि गिळला.

“काय निघालं?” त्यांनी विचारलं.

मी स्टिअरिंग मांडीवर पालथं घातलं.

“बटणच खराब निघालं, व्हय ना?”

मी काही बोलले नाही.

आप्पांना आमचा नियम पाठच होता. त्यांनी मान डोलावली, माझ्या हातात कप दिला आणि शेजारी बसून आपला चहा तसाच हातात धरून ठेवला. कोल्हापूरला गेल्यावर त्यांनी गाडीचं सगळं सामान देऊन टाकलं. गॅरेज मुलानं चालवायला घेतलं. मला वाटलं होतं, दादा बरा झाला की सांगू. मग माझं लग्न झालं. मग राही झाली. सात वर्षं गेली.

गेल्या रविवारी राहीचा पाचवा वाढदिवस होता. दादा आला. आता तो खोट्या पायानं इतका सफाईनं चालतो की नव्या माणसाला कळत नाही. येताना तो आप्पांनाही घेऊन आला. आप्पांचे हात आता थरथरतात. राही त्यांना बघून आधी लाजली आणि दहा मिनिटांत त्यांच्या खिशातला चष्मा काढून स्वतःला लावून बसली.

केक कापून झाला. राही दादाच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, “मामा, पायाची गोष्ट.”

दादा ती गोष्ट फार छान सांगतो. सगळ्या आवाजांसकट. निळ्या गाडीला कसं मागं टाकलं, आप्पाआजोबा भिंतीवर चढून टॉवेल घेऊन कसे नाचत होते. आप्पा हसले, नको रे, नको रे म्हणत. दादानं एक, दोन, तीन मोजून दाखवलं. राहीनं त्याच्याबरोबर बोटं मोजली.

“आणि आई बोललीच नाही?” तिनं विचारलं.

“बोलत होती गं. किती बोलत होती. माझं बटण अडकलं होतं ना, मला ऐकू कुठं येतंय?”

“कशानं अडकलं होतं?”

दादानं खांदे उडवले. “ते मला काय माहीत? मी आपला गाडी चालवणारा.”

आप्पांनी कप खाली ठेवला. “बाळ, ते बटण...” त्यांनी सुरुवात केली, आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं. “ते मी...”

राहीला मोठ्यांचं थांबून थांबून बोलणं आवडत नाही. ती उठून माझ्याकडे आली. केकनं चिकट झालेल्या दोन्ही हातांनी तिनं माझा चेहरा आपल्याकडे वळवून घेतला. तिच्या डोक्यावरून मला आप्पा दिसत होते.

“आई, रेडिओ तर तुझा होता ना? मग तू सांग. कशानं अडकलं होतं?”